एक जानेवारीला जन्मलेले लेखक : वाचनालयातून वापरलेली विकिडेटा क्वेरी सर्व्हिस

आमच्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. सांगली जिल्ह्यातलं तालुका 'ब' वर्ग वाचनालय, दाखल रजिस्टरात सत्तावीस हजारांवर पुस्तकं, मी ग्रंथपाल, हाताखाली एक सहायक आणि एक शिपाई. दिनविशेषाची एक वही आहे, माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी वर्तमानपत्रांतून जमवलेली. तीत ८ नोव्हेंबरला पु. ल. देशपांडे आहेत, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रज आहेत. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे तर आहेतच; वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, ते विसरलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. पण वर्षातले निम्मे दिवस कोरे. कोऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार. एकच सुविचार वर्षातून किती वेळा लिहिला असेल, मोजलेलं नाही. वाचकांनीही मोजलं नसावं, कारण कुणी कधी बोललं नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. वही चाळून म्हणाला, "मावशी, यातलं बहुतेक सगळं विकिडेटात असणार. फक्त विचारायचं कसं ते शिकून घे." ते शिकण्यात माझे आठ-नऊ महिने गेले. आता हातात जे आहे त्यावर हे परीक्षण. मी तंत्रज्ञ नाही, त्यामुळे आतल्या यंत्राची तपासणी करायची माझी पात्रता नाही. गिऱ्हाईक म्हणून काय पदरात पडलं, एवढंच सांगते.

विकिडेटा हे विकिपीडियाचं धाकटं भावंड, २९ ऑक्टोबर २०१२ ला सुरू झालेलं. तिथं लेख नसतात, नोंदी असतात. दहा कोटींहून जास्त. प्रत्येक नोंदीला 'क्यू'नं सुरू होणारा क्रमांक आणि प्रत्येक गुणधर्माला 'पी'नं सुरू होणारा. मराठी भाषा म्हणजे क्यू-१५७१, महाराष्ट्र क्यू-११९१, जन्मतारीख पी-५६९. माहिती लिहायची ती तीन तुकड्यांच्या वाक्यात : अण्णाभाऊ साठे, जन्मस्थान, वाटेगाव. संगणकवाले याला ट्रिपल म्हणतात. अशी अब्जावधी वाक्यं क्रमांकांनी एकमेकांत गुंतवून ठेवली की त्याला म्हणायचं सिमँटिक वेब. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात ही कल्पना मोठ्या थाटात मांडली होती. त्या थाटातलं किती उतरलं हा वेगळा विषय. माझ्या कामापुरतं उतरलं.

आता मुद्द्याचं. अब्जावधी वाक्यं कुठंतरी पडून असणं म्हणजे गोदामात पुस्तकं पडून असणं. आमच्याकडे पूर्वी बंद कपाटाची पद्धत होती. वाचकाला आत सोडत नसत. त्यानं देवघेवीच्या टेबलावर चिठ्ठी द्यायची, शिपाई आत जाऊन पुस्तक काढून आणायचा. चिठ्ठी नीट लिहिली असेल तर दोन मिनिटांत पुस्तक हातात, नाहीतर शिपाई रिकाम्या हातानं परत. क्वेरी सर्व्हर म्हणजे ते टेबल आणि तो शिपाई, दोन्ही एकदम. चिठ्ठी लिहायच्या रीतीचं नाव स्पार्कल. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं २००८ साली ती रीत पक्की केली आणि २०१३ च्या मार्चमध्ये सुधारून पुन्हा काढली. रीत पक्की असल्याचा फायदा असा, की एका टेबलावर लिहायला शिकलेली चिठ्ठी जगातल्या दुसऱ्या टेबलावरही चालते. जवळजवळ चालते, म्हणू. त्या 'जवळजवळ'वर पुढं येते.

विकिडेटाचं हे टेबल सप्टेंबर २०१५ पासून उघडं आहे. पैसे नाहीत, खातं काढायला नको, ओटीपी नको. मिळालेली माहिती कुठंही वापरा, परवानगी मागायची नाही, कारण विकिडेटातला मजकूर कुठल्याही हक्काविना खुला सोडलेला आहे. सरकारी अनुदानाच्या हप्त्यांवर चालणाऱ्या वाचनालयाला हे किती महत्त्वाचं, ते आमच्या सचिवांना विचारा.

पान उघडलं की चिठ्ठी लिहायला मोठी मोकळी जागा आणि बाजूला निळं बटण. नवख्यांसाठी तयार नमुन्यांची यादी दिली आहे. त्या यादीतला पहिला नमुना मांजरांचा! विकिडेटात नोंद असलेली सगळी मांजरं दाखवा, असा. मी तोच चालवून पाहिला. जगातली नामांकित मांजरं ओळीनं समोर आली. आमचा शिपाई मागं उभा होता, म्हणाला, "मॅडम, आपल्या रद्दीच्या खोलीतली हिच्यात न्हाई." नाही हे खरंच. विकिडेटात असायला कुणीतरी नोंद करावी लागते. तेव्हा हसलो, पण हीच गोष्ट पुढं वेगळ्या रूपात समोर आली.

निकाल कोष्टकात येतो, आणि त्यात जागांचे अक्षांश-रेखांश असतील तर एका टिचकीत तो नकाशावरही दिसतो. फोटो असतील तर फोटोंची जाळी, तारखा असतील तर कालरेषा. सगळं उतरवून घेऊन एक्सेलमध्ये उघडता येतं. या भागाला मी पैकीच्या पैकी देते. चिठ्ठी लिहायचा कंटाळा असेल तर रकाने भरून ती आपोआप तयार करणारं एक वेगळं पानही आहे. पहिले आठ दिवस मी तेच वापरलं. 'आज जन्मलेले' असं विचारायची वेळ आली तेव्हा ते पान तोकडं पडलं आणि मला हातानं लिहायला बसावं लागलं.

चिठ्ठीत जे शोधायचं त्याला आपण नाव द्यायचं, आधी प्रश्नचिन्ह लावून. भाच्यानं सांगितलं, हे नाव देवनागरीतही चालतं. मी खूश. ?लेखक, ?तारीख असं लिहू लागले. मराठीत लेखन करणारे सगळे लेखक आण, त्यांची जन्मतारीख आण, महिना अकरावा आणि दिवस आठवा असेल तेवढेच ठेव. बटण दाबलं. निकाल शून्य. पुन्हा दाबलं, पुन्हा शून्य. पु. ल. देशपांडे आठ नोव्हेंबर १९१९ ला मुंबईत जन्मले हे मला झोपेतही माहीत आहे, आणि हा सर्व्हर म्हणतोय कुणीच नाही! अर्धा तास मी विकिडेटावर चरफडत होते. शेवटी भाच्याला पडद्याचा फोटो पाठवला. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : "मावशी, वर तारीख दीर्घ आहे, खाली तारिख ऱ्हस्व."

बावीस वर्षं मी मुलांच्या निबंधांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासतेय! सर्व्हरच्या लेखी ?तारीख आणि ?तारिख या दोन वेगळ्या वस्तू. दुसरीची किंमत त्याला ठाऊकच नाही, म्हणून त्यानं एकूण एक लेखक गाळून टाकला आणि चूक झाली असं कुठंही म्हटलं नाही. वाक्यरचना चुकली तर तो लगेच ओरडतो. अर्थ चुकला तर गप्प. हा दोष या एका सेवेचा नाही, स्पार्कलचा स्वभावच तसा आहे. नव्या माणसाला हे कुणीतरी आधी सांगावं म्हणून इतकं लांबण लावलं.

यानंतरचा धडा 'लेखक' या शब्दाचा. व्यवसाय लेखक, म्हणजे क्यू-३६१८०, असं विचारलं तर ज्यांच्या नोंदीत फक्त 'कवी' लिहिलंय ते येतच नाहीत. माझा समज असा होता की 'सिमँटिक' म्हटल्यावर कवी हासुद्धा लेखकच, एवढं त्याला कळत असणार. (काही समीक्षकांनाही ते मान्य नसतं, तर यंत्राला काय बोल लावायचा.) विकिडेटात कवी हा लेखकाचा उपप्रकार अशी नोंद आहे, पण ती आपण होऊन विचारात घेतली जात नाही. चिठ्ठीत पी-२७९ या 'उपप्रकार' गुणधर्मापुढं एक तारका लावून 'उपप्रकार, त्यांचे उपप्रकार, जिथवर जातील तिथवर' असं स्पष्ट सांगावं लागतं. सांगितलं की कवी, नाटककार, कादंबरीकार सगळे हजर. तेवढा वेळही जास्त लागतो.

डिसेंबरभर फळा रोज भरत होता. पेपर वाचायला येणारे निवृत्त गुरुजी आता आधी फळ्यापाशी थांबू लागले. मग उजाडली १ जानेवारी. मी सकाळी साडेसातला चिठ्ठी चालवली आणि यादी संपेचना. मराठीतले निम्मे जुने लेखक एक जानेवारीला जन्मलेले! फळा भरला, मी उरलेली नावं कागदावर लिहून खाली चिकटवली. गुरुजींनी चष्मा सावरला, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "बाई, एवढे समदे एकाच दिशी जन्मले व्हय?"

जन्मले नव्हते. जुन्या लेखकांचं बऱ्याचदा फक्त जन्मवर्ष ठाऊक असतं. ते वर्ष क्वेरी सर्व्हरकडे देताना विकिडेटा तारखेच्या रकान्यात त्या वर्षाची एक जानेवारी घालतो आणि शेजारी वेगळं लिहून ठेवतो की ही तारीख किती नेमकी आहे : ९ म्हणजे फक्त वर्ष खरं, १० म्हणजे महिन्यापर्यंत, ११ म्हणजे दिवसापर्यंत. मी आखूड वाटेनं विचारत होते. त्या वाटेनं नुसती तारीख हाती येते, शेजारची टीप येत नाही. टीप हवी तर लांबच्या वाटेनं जायचं : आधी विधानापर्यंत, म्हणजे त्या तीन तुकड्यांच्या वाक्यापर्यंत, तिथून त्याच्या पूर्ण मूल्यापर्यंत, आणि तिथं नेमकेपणा ११ असेल तरच घे म्हणायचं. आमच्या शाळांच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख असलेली अख्खी पिढी आहे, गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी ठोकून दिलेली. विकिडेटानं निदान शेजारी लिहून तरी ठेवलंय की ही ठोकलेली आहे.

लांबच्या वाटेचा एक उलटा चटकाही बसतो. आखूड वाटेनं सगळ्यात ग्राह्य विधान तेवढं येतं. लांबच्या वाटेनं सगळीच येतात, चुकीची ठरवून बाजूला ठेवलेलीसुद्धा. म्हणजे 'ग्राह्य तेवढंच' ही अटही आपणच घालायची. हे सगळं एका चिठ्ठीत बसवल्यावर ती चौदा ओळींची झाली. मी ती छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

जानेवारीत कुणीतरी देणगी म्हणून एक जुना टीव्ही दिला. भाचा म्हणाला, फळा कशाला, टीव्हीवरच लावू. त्यानं एक छोटं पान तयार केलं. रोज पहाटे आमच्या कार्यालयातला संगणक ती चिठ्ठी विकिडेटाच्या सर्व्हरला पाठवणार, उत्तर आणणार, आठ वाजता टीव्ही लावला की आजची नावं आणि आपल्याकडचे फोटो. इथं मला पहिल्यांदा कळलं की असल्या ॲप्लिकेशनमध्ये क्वेरी सर्व्हरची जागा नेमकी कोणती. भाच्याच्या पानात एकाही लेखकाचं नाव नाही. तारीख नाही, यादी नाही. आहे ती फक्त विचारायची रीत आणि मांडायची रीत. नवी नोंद झाली, जुनी सुधारली, की पानाला हात न लावता दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बदल. माझी वही आणि हे, यांतला फरक हाच.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. गटशिक्षणाधिकारी येणार, हायस्कूलची मुलं येणार, टीव्हीला हार घातलेला. आठ वाजता लावला तर कुसुमाग्रजांचा पत्ता नाही! भलतीच नावं. ज्यांच्या जयंतीसाठी हा दिवस साजरा होतो तेच गायब. मी फोटो काढून भाच्याला पाठवला, त्यानं दहा मिनिटांनी फोन केला आणि आधी हसलाच. चिठ्ठीत त्यानं 'आज' म्हणजे काय ते सर्व्हरलाच ठरवू दिलं होतं. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आमचा संगणक पहाटे चारला विचारायचा तेव्हा तिथं आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा. म्हणजे आमचा टीव्ही गेला महिनाभर रोज कालचीच नावं दाखवत होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्या दिवशी मी टीव्ही बंद केला, फळा पुसला आणि हातानं लिहिलं : विष्णु वामन शिरवाडकर, जन्म २७ फेब्रुवारी १९१२, पुणे. वही कामी आली. आता तारीख आमचा संगणक आमच्या घड्याळानं ठरवून चिठ्ठीत घालून पाठवतो.

इथपर्यंतच्या सगळ्या चुका आमच्या. सर्व्हरच्या स्वतःच्या मर्यादा वेगळ्या आहेत, आणि त्या लपवलेल्या नाहीत, मदतीच्या पानावर सरळ लिहिलेल्या आहेत. एका चिठ्ठीला साठ सेकंद. तेवढ्यात उत्तर निघालं नाही तर काम तिथंच थांबतं. 'मराठी लेखक आणि त्यांची पुस्तकं आणि त्यांचे प्रकाशक आणि प्रकाशकांची गावं' असला ऐसपैस प्रश्न विचारला की साठ सेकंद कुठं गेले कळत नाही. शिवाय एका गिऱ्हाइकाला मिनिटाला किती वेळ द्यायचा यालाही मर्यादा. जगभरातून फुकट येणाऱ्यांची रांग आहे म्हटल्यावर हे योग्यच, पण याचा अर्थ असा की या टेबलावर विसंबून दिवसभराची देवघेव चालवता येत नाही. आपला प्रोग्रॅम विचारत असेल तर आपण कोण, संपर्क कुठं, हेही चिठ्ठीसोबत कळवायचं असतं. आम्ही वाचनालयाचं नाव घालतो.

आतलं यंत्र ब्लेझग्राफ नावाचं. त्याचा विकास बऱ्याच वर्षांपासून थांबलेला आहे आणि विकिडेटा चालवणारे विकिमीडियावाले त्याला पर्याय शोधतायत, हे जाहीर आहे. माहितीचा ढीग त्याला झेपेना म्हणून मे २०२५ मध्ये वाटणी केली : शोधनिबंधांच्या नोंदी एका वेगळ्या सर्व्हरवर, बाकी सगळं मूळ ठिकाणी. निबंध आणि त्यांचे लेखक एकत्र हवे असतील तर आता दोन टेबलांवर चिठ्ठ्या द्याव्या लागतात. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना हे जाचत असणार. मला काही फरक पडला नाही. आमचे कवी निबंधवाल्यांत मोडत नाहीत.

मार्चमध्ये हाव सुटली. टीव्हीवर लेखकाच्या नावाखाली 'यांची आपल्याकडे असलेली पुस्तकं, कपाट क्रमांक अमुक' असं दिसायला हवं. आमची यादी एक्सेलमध्ये आहे : दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, वर्गांक. ती विकिडेटात टाकायची गोष्ट नव्हे, ती आमची. म्हणून भाच्यानं आमच्याच संगणकावर दुसरा सर्व्हर बसवला : अपाची जेना फ्यूसेकी. जेना हे ब्रिस्टलच्या एचपी प्रयोगशाळेत २००० साली सुरू झालेलं, आता अपाची या संस्थेकडे असलेलं फुकट सॉफ्टवेअर, आणि फ्यूसेकी हा त्याचा क्वेरी सर्व्हर. नाव जपानी 'गो' खेळातलं, डावाच्या सुरुवातीच्या चालींना म्हणतात. संगणकावर जावा असलं की झालं. फाइल उलगडायची, चालू करायचा, ब्राउझरमध्ये ३०३० क्रमांकाच्या पोर्टवर पान उघडतं. दिसायला विकिडेटाच्या पानापुढं अगदीच साधं. नकाशा नाही, फोटोंची जाळी नाही. पण आठ जीबी रॅमच्या आमच्या जुन्या डबड्यावर सत्तावीस हजार पुस्तकांची यादी पचवून तो क्षणात उत्तर देतो आणि साठ सेकंदांची तलवार डोक्यावर नाही.

इथं ते 'जवळजवळ' भेटलं. क्यू-क्रमांकाऐवजी मराठी नाव दाखव, मराठी नसेल तर हिंदी, तेही नसेल तर इंग्रजी, ही सोय विकिडेटाच्या सर्व्हरवर एका ओळीत मिळते. ती त्यांची स्वतःची जोड, पक्क्या रीतीतली नव्हे. तीच चिठ्ठी फ्यूसेकीला दिल्यावर त्यानं ती ओळखलीच नाही. तिथं भाषा गाळून घ्यायच्या ओळी आपणच लिहायच्या.

खरं काम सर्व्हरचं नव्हतंच, नावांचं होतं. आमच्या यादीत 'कुसुमाग्रज', 'शिरवाडकर वि. वा.', 'वि.वा.शिरवाडकर' आणि 'शिरवाडकर, विष्णु वामन' असे चार लेखक आहेत. चौघांना एकच क्यू-क्रमांक दिला की ते एक होतात. हे कुठलंही यंत्र करून देत नाही, कारण त्याच यादीत एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे दोन खरोखर वेगळे 'कुलकर्णी व. ग.' सुद्धा आहेत. मी आणि सहायकानं एप्रिल-मेच्या दुपारी बसून अकराशे लेखकांना क्रमांक लावले. पुस्तक कपाटातून काढायचं, मलपृष्ठ वाचायचं, विकिडेटाची नोंद पाहायची, जुळलं तर लिहायचं. पंखा चालू ठेवला तर कागद उडायचे, बंद ठेवला तर आम्ही. सिमँटिक वेबबद्दल जे कुणी बोलतात त्यांनी एकदा हे करून पाहावं.

जुळणी झाल्यावर मी एकाच चिठ्ठीत दोन्ही सर्व्हर जोडले. स्पार्कलच्या सुधारित रीतीत ती सोय आहे : फ्यूसेकीला सांगायचं, पुस्तकं तुझ्याकडची घे आणि तारखा त्या तिकडच्या सर्व्हरला विचारून आण. कल्पना देखणी. पण माझी चिठ्ठी अशी होती की फ्यूसेकी एकेका लेखकासाठी स्वतंत्रपणे विकिडेटाचं दार ठोठवायला लागला. अकराशे वेळा कोण ऐकून घेईल? थोड्याच वेळात तिकडून ४२९ क्रमांकाचं उत्तर आलं, म्हणजे 'फार झाल्या विनंत्या, जरा दमानं'. चूक माझीच. आता रोज रात्री एकदाच, सगळ्या क्रमांकांची यादी देऊन, विकिडेटाकडून तारखा घेतो आणि फ्यूसेकीत ठेवतो. दिवसभर टीव्ही आणि वाचक फ्यूसेकीलाच विचारतात. इंटरनेट गेलं तरी दिनविशेष दिसतो. आमच्याकडे पावसाळ्यात ते जातंच.

रोज जुनं पुसून नवं घालायच्या या पद्धतीनं जुलैत वेगळीच गंमत केली. संगणक म्हणू लागला जागा संपली. फ्यूसेकीचा फोल्डर कित्येक जीबीचा झालेला. आत माहिती तेवढीच, पण हा साठा पुसलेल्याची जागा आपण होऊन मोकळी करत नाही. अधूनमधून 'आवळून घे' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो. माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, आम्ही वाचलं नव्हतं. आता दर रविवारी रात्री आवळून घेतो.

इतर टेबलंही चाखून पाहिली. डीबीपीडिया २००७ पासूनचं, विकिपीडियाच्या लेखांतल्या माहितीच्या चौकटींतून माहिती उचलणारं. आमच्या लेखकांसाठी मला ते विरळ वाटलं, म्हणून दोन दिवसांत सोडलं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचं क्यूलेव्हर मात्र बघण्यासारखं आहे. विकिडेटाचीच माहिती त्यांनी स्वतःच्या यंत्रात भरली आहे, आणि माझे ऐसपैस प्रश्न, साठ सेकंदांत न मावणारे, तिथं चटकन सुटले. चिठ्ठी लिहिताना पुढचा शब्द काय असू शकेल हेही ते सुचवत जातं. मोजणीचे मोठे प्रश्न मी आता तिथं विचारते.

गुण द्यायचेच तर विकिडेटाच्या सेवेला पाचात चार. एक गुण कापला तो साठ सेकंदांसाठी नाही, शून्य निकालाच्या त्या थंड शांततेसाठी. फ्यूसेकीलाही चार, त्याचा एक गुण माहितीपत्रकासाठी कापते, ते वाचायला मला भाचा लागतो.

१ ऑगस्टला टीव्हीवर अण्णाभाऊ आले, त्यांच्या पुस्तकांचे कपाट क्रमांक आले, आणि शेजारी पुण्यतिथीच्या रकान्यात लोकमान्य टिळक. दोघांचीही तारीख १ ऑगस्ट १९२०. एक मुंबईत गेला त्याच दिवशी दुसरा वाटेगावात जन्मला. वहीत हे दोघं वेगवेगळ्या पानांवर होते, एक जयंत्यांत आणि एक पुण्यतिथ्यांत, म्हणून बावीस वर्षांत माझ्या कधी नजरेला आलं नाही. गुरुजी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, आता आपल्या तालुक्यातल्या लिहिणाऱ्या बायका दाखवा.

मी चिठ्ठी लिहिली. जन्मस्थान या तालुक्यातलं, लिंग स्त्री, व्यवसाय लेखक आणि त्याचे उपप्रकार. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. निकाल शून्य, आणि या वेळी तो खरा होता. कपाट क्रमांक ९ मध्ये आमच्याच गावातल्या एका दिवंगत कवयित्रीचे दोन संग्रह आहेत. एक १९६८ चा, एक नंतरचा. मी ते काढले, मलपृष्ठावरून जन्मवर्ष घेतलं, विकिडेटात नोंद केली, संग्रहाचा हवाला दिला. तारीख छापलेली नाही, म्हणून नेमकेपणा ९ ठेवला. पाचेक मिनिटांनी तीच चिठ्ठी पुन्हा चालवली. एक ओळ आली. त्यांचा क्यू-क्रमांक मी दाखल रजिस्टरात त्या संग्रहापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहून ठेवला.